जंतूंची शाळा

मार्गशीर्ष लागला की माळव्यातील रात्री थंड होऊ लागतात आणि सकाळच्या प्रार्थनेत खोकल्याचे स्वर मिसळू लागतात. प्रथम एक मुलगा शिंकतो, मग त्याच्या बाकावरचा दुसरा. आठवड्याभरात हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. सर्दीपडशाचे हे वार्षिक आगमन आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याविषयी लेख लिहावा असे सहसा कोणास वाटणार नाही. परंतु या सामान्य सर्दीच्या आडोशाने एक असामान्य गोष्ट कित्येक वर्षे चाललेली आहे. मुलांच्या नाकाघशात वस्ती करणारे काही जंतू ज्या औषधांनी पूर्वी हमखास मरत असत, त्या औषधांना ते आता जुमानीनासे झाले आहेत. हे कसे घडले आणि त्यात आपला, म्हणजे तुमचा आमचा, हात किती, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

पेनिसिलिनच्या शोधाची कथा आपल्या पाठ्यपुस्तकात आहेच. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या एका काचेच्या तबकडीवर बुरशी पडली आणि तिच्या आसपासचे जंतू नाहीसे झाले. पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी आणि चेन यांनी त्या बुरशीतून औषध वेगळे काढले. १९४१ साली ते प्रथम एका पोलीस शिपायास टोचण्यात आले. औषध इतके दुर्मिळ होते की रुग्णाच्या लघवीतून ते परत मिळवून पुन्हा टोचावे लागे. शिपाई सुधारू लागला. पण औषध संपले, दुखणे उलटले आणि तो दगावला. आज दहा-वीस रुपयांच्या गोळ्या बेफिकिरीने खिशात टाकताना या शिपायाची आठवण झाल्यास वाईट नाही.

पाठ्यपुस्तकात सहसा नसलेला भाग याच्या पुढचा आहे. १९४५ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी आपल्या शोधाचे गोडवे गाण्याऐवजी एक धोक्याची सूचना दिली. त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. या गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन आणून स्वतःच घेतो. पण ते इतके थोडे घेतो की जंतू मरत नाहीत, उलट औषधाशी टक्कर देण्यास शिकून तयार होतात. मग तेच जंतू त्याच्या पत्नीस लागतात, तिला फुप्फुसदाह होतो, आणि तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. ती मरण पावते. तिच्या मृत्यूस जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंग यांनी श्रोत्यांस विचारला होता. औषध बाजारात नुकते कोठे येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट आहे!

जंतूंना ‘शिकविणे’ हा शब्दप्रयोग सोयीचा आहे खरा, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्यास भुलता कामा नये. जंतू काही शिकत नाही. घडते ते निराळेच. समजा, एक जंतू दर अर्ध्या तासाने दुभंगतो. बारा तासांत तो चोवीस वेळा दुभंगेल, आणि एकाचे १ कोटी ६७ लक्ष ७७ हजार २१६ जंतू होतील. (ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनी दोनाचा चोविसावा घात स्वतः करून पाहावा.) इतक्या प्रती उतरून काढताना लेखनिकाच्या हातून एखादी चूक होणारच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. परंतु एखाद्या चुकीमुळे असा जंतू निपजतो की औषध त्याला बाधत नाही. औषध नसताना त्याला इतरांहून काहीच अधिक मान नसतो. किंबहुना तो थोडा दुबळाच असतो. औषध आले की त्याचे सर्व भाऊबंद मरतात, जागा आणि अन्न त्याला एकट्याला उरते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच संततीचे राज्य होते. म्हणजे ही शाळा असलीच तर तीत शिकवणी नाही, केवळ परीक्षा आहे. आणि परीक्षक आपण आहोत.

फ्लेमिंग यांच्या दृष्टांतात एक गंमत आहे. घसा धरणारा जो स्ट्रेप्टोकॉकस त्यांनी उदाहरणादाखल घेतला, त्याने पेनिसिलिनला आजवर दाद न देण्याचे काही केलेले नाही! ऐंशी वर्षे उलटली, तरी घशाच्या त्या जंतूवर पेनिसिलिन चालते. ज्या जंतूमुळे पुढे सांधेदुखीचा ताप येऊन मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब होतात तो हाच, हे ध्यानात घेतले म्हणजे ही केवढी कृपा आहे ते कळेल. त्याचे असे का झाले, याविषयी शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालते. दृष्टांतातील नाव चुकले, पण दृष्टांत मात्र खरा ठरला. कारण शेजारच्याच एका जंतूने तो खरा करून दाखविला.

या शेजाऱ्याचे नाव न्यूमोकॉकस. १८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चर यांनी आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे पाहिला. सूक्ष्मदर्शकाखाली तो जोडीजोडीने दिसतो, आणि प्रत्येक जोडीभोवती शर्करेचे एक आवरण असते. मुलांच्या फुप्फुसदाहाचे, कानात पू होण्याचे आणि मेंदूच्या आवरणाच्या दाहाचे हा एक प्रमुख कारण आहे. पेनिसिलिन त्याला मारते कसे, ते पाहण्यासारखे आहे. जंतूभोवती एक भिंत असते. जंतू वाढतो तसतशी ती सतत बांधावी लागते, आणि ते काम काही विशिष्ट प्रथिने करतात. त्यांना आपण गवंडी म्हणू. पेनिसिलिनचा रेणू आकाराने या भिंतीच्या विटेच्या टोकासारखा आहे. गवंडी ती खोटी वीट उचलतो, आणि ती त्याच्या हाताला कायमची चिकटून बसते. बांधकाम थांबते, भिंत खचते, जंतू फुटतो.

आता न्यूमोकॉकसने काय केले? त्याने गवंड्याचे हातच बदलले. खोटी वीट त्या हातांत नीट बसेनाशी झाली. आणि हे नवे हात त्याने आणले कोठून? तर घशातच राहणाऱ्या, बहुधा निरुपद्रवी असलेल्या दुसऱ्या स्ट्रेप्टोकॉकसांकडून. मेलेल्या जंतूंच्या अंगातून बाहेर पडलेले आनुवंशिक द्रव्याचे तुकडे हा जंतू उचलतो आणि आपल्या अंगी जडवून घेतो. ही त्याची खोड इंग्लंडमधील ग्रिफिथ या वैद्याने १९२८ सालीच, म्हणजे फ्लेमिंगच्या बुरशीच्याच वर्षी, उंदरांवरील प्रयोगांत पाहिली होती. मृत पण घातक जंतू आणि जिवंत पण निरुपद्रवी जंतू एकत्र टोचले असता उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जंतू सापडले! मेलेल्यांकडून जिवंतांकडे काहीतरी गेले होते. ते ‘काहीतरी’ म्हणजे डी.एन.ए. होय, हे अॅव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केले, आणि त्यातूनच आनुवंशिकतेचे आधुनिक शास्त्र उभे राहिले. ज्या गुणामुळे या जंतूने मानवाला एवढे मोठे ज्ञान दिले, त्याच गुणाच्या बळावर तो आज मानवाच्या औषधाला चुकवितो. निसर्गाला कृतज्ञता ठाऊक नाही, एवढेच म्हणावयाचे. पेनिसिलिनला काहीसा दुर्दम्य असा न्यूमोकॉकस रुग्णात सापडल्याचे ऑस्ट्रेलियातून १९६७ साली प्रसिद्ध झाले. १९७७ साली दक्षिण आफ्रिकेत एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे न्यूमोकॉकस मुलांत आढळले.

इतर जंतूंच्या तऱ्हा निराळ्या आहेत. हीमोफिलस नावाचा जंतू खोटी वीट कापून टाकणारी कात्रीच तयार करतो. त्या कात्रीला गुंतवून ठेवणारे क्लॅव्हुलॅनिक आम्ल औषधात मिसळावे लागते, ते याचसाठी. मायकोप्लाझ्माला तर मुळात भिंतच नाही, तेव्हा गवंड्याच्या हाताला चिकटणारे औषध तेथे काय करणार? आणि सर्दी, पडसे व बहुतेक खोकला ज्यांच्यामुळे होतो त्या विषाणूंवर यांतले एकही औषध चालत नाही. हे शेवटचे वाक्य आमच्या वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे, अशी विनंती आहे. कारण पुढील सर्व घोटाळा येथूनच सुरू होतो.

न्यूमोकॉकस हा नेहमीच रोग करतो असे नाही. कित्येक निरोगी मुलांच्या नाकाच्या मागील भागात तो निमूटपणे राहत असतो. आता अशा एका मुलास साधी सर्दी झाली, आणि घरच्यांनी धीर न धरता त्यास प्रतिजैविक दिले, असे समजा. सर्दीच्या विषाणूला काही होत नाही. सर्दी आपल्या वेळेने बरी होते आणि श्रेय औषधास मिळते. परंतु नाकातल्या न्यूमोकॉकसांपैकी जे मरण्याजोगे होते ते मरतात आणि दुर्दम्य तेवढे उरतात. मुलगा ठणठणीत होऊन शाळेत येतो, बाकावर बसतो आणि शिंकतो. घरी त्याच्या शेजारमित्राचे एक वर्षाचे तान्हे भावंड असते. इतर औषधांचा दुष्परिणाम ती घेणाऱ्यासच भोगावा लागतो. प्रतिजैविकाचा मात्र ज्याने ते कधी घेतले नाही अशा तिसऱ्याच मुलास भोगावा लागू शकतो. औषधांच्या सर्व राज्यात हा प्रकार एकमेव म्हणावा लागेल.

आपल्या देशाकडे वळू. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी यांच्या साहाय्याने तेथे १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. परदेशाहून येणारे महाग औषध महाराष्ट्राच्या मातीत तयार झाले, याचा त्या पिढीला केवढा अभिमान वाटला असेल! आज इंदूरपासून हाकेच्या अंतरावर पीथमपूरला औषधांचे कारखाने आहेत, आणि शहरातील दवा बाजारात कोणते औषध मिळत नाही असे नाही. टंचाईचे दिवस सरले हे उत्तम झाले. विपुलतेचे दिवस कसे वापरावे हे मात्र आपण शिकलो नाही.

औषध नेमके आणि योग्य जागी दिले तर काय साधते, याचे सर्वोत्तम उदाहरण आपल्याला गडचिरोलीत सापडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांत फुप्फुसदाहाने मरणाऱ्या बालकांसाठी १९८८ च्या सुमारास एक प्रयोग केला. गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दायांना श्वास मोजून फुप्फुसदाह ओळखण्यास आणि को-ट्रायमोक्सेझोल हे स्वस्त औषध देण्यास शिकविले. ज्यांना अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ यांचे एक साधन तयार केले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, जेथे हे काम झाले तेथे पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे फुप्फुसदाहाने होणारे मृत्यू ८.१ होते, आणि शेजारच्या ज्या गावांत ते झाले नाही तेथे १७.५. हे यश डॉक्टरांच्या घोळक्याने नव्हे, तर गावातल्या आरोग्यसेवकांनी आणि दायांनी मिळविले होते.

त्या स्वस्त औषधाचे पुढे काय झाले, ते सांगितल्यावाचून मात्र ही कथा पुरी होत नाही. १९९३ ते १९९७ या काळात नागपूरसह देशातील सहा शहरांच्या रुग्णालयांत न्यूमोकॉकसची पाहणी झाली. पेनिसिलिनला अंशतः दुर्दम्य असे जंतू अवघे १.३ टक्के सापडले. पण को-ट्रायमोक्सेझोलला दुर्दम्य असे ५६ टक्के! प्रयोगशाळेत जंतू मेला नाही म्हणजे प्रत्येक मुलात औषध निष्फळ ठरलेच असे नव्हे. तरी ज्या शस्त्राची धार निम्म्याहून अधिक वेळा बोथट ठरते त्यावर विसंबणार किती? जागतिक आरोग्य संघटनेने साध्या फुप्फुसदाहासाठी पुढे तोंडाने घ्यावयाच्या अॅमॉक्सिसिलिनची शिफारस केली. २०११ ते २०१५ या काळातील दुसऱ्या एका भारतव्यापी पाहणीत पाच वर्षांखालील मुलांतील न्यूमोकॉकसांपैकी पेनिसिलिनला दुर्दम्य ८ टक्के, तर एरिथ्रोमायसिनला दुर्दम्य ३७ टक्के आढळले. एरिथ्रोमायसिनचाच सगोत्र भाऊ अॅझिथ्रोमायसिन होय. आणि २०१९ सालच्या विक्रीचे आकडे पाहता आपल्या देशातील खाजगी बाजारात सर्वांत अधिक खपलेले प्रतिजैविक म्हणजे त्याचीच गोळी. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की भाष्याची गरज उरत नाही.

हे सर्व लिहिताना आम्ही स्वतः नामानिराळे राहू शकत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी थोरल्याच्या दुखण्यातून उरलेली औषधाची अर्धी बाटली शीतकपाटात राहिली होती. महिन्याभराने धाकट्यास खोकला झाला. रात्रीची वेळ, बाहेर थंडी. वहिनींनी सुचविले आणि आम्ही त्या बाटलीतले दोन चमचे दिले. चौथ्या दिवशी खोकला कमी झाला. तो तसाही झाला असता, पण आम्ही बाटलीचे गुण गाइले. पुढे त्याचा कान फुटला तेव्हा डॉक्टरांनी पूर्वी काय काय दिले होते ते विचारले, आणि आमचे उत्तर ऐकून एवढेच म्हणाले, “पण बाटली उरली कशी?” पाणी मिसळून तयार केलेले ते औषध आठवड्याभरापलीकडे वापरू नये असे वेष्टनावर छापलेले होते. आम्ही विज्ञान शिकवितो आणि ते वाचले नव्हते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. अधिक दिवस औषध घेतले म्हणजे अधिक चांगले, असेही नाही. साध्या फुप्फुसदाहात तीन दिवस अॅमॉक्सिसिलिन दिले काय आणि पाच दिवस दिले काय, गुण सारखाच येतो, असे भारतातील रुग्णालयांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले. पण दिवस किती हे ठरविणे मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांचे काम. ते ना आजीने ठरवावे, ना औषधविक्रेत्याने.

शासनाने काही केले नाही असे नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ या अनुसूचीनुसार काही नव्या आणि प्रभावी प्रतिजैविकांची विक्री दुकानदाराने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव लिहून वेगळ्या वहीत नोंदवावी लागते, आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. गोळ्यांच्या पट्टीवरील उभी तांबडी रेघ आपण पाहिली असेल. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये, असा तिचा अर्थ. या प्रश्नासाठी राज्याची स्वतंत्र कृतियोजना प्रथम केरळाने आखली, आणि त्यामागोमाग २०१९ मध्ये आपल्या मध्य प्रदेशाने. आपल्या शेजारी उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेबरोबर प्रतिजैविकांचा वापर आणि जंतूंचा प्रतिरोध यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. नियम आहेत, अभ्यास आहेत. पण चिठ्ठी नसली तरी “नेहमीचेच द्या” म्हणणारे गिऱ्हाईक आणि “घ्या” म्हणणारा दुकानदार यांची गाठ कोठल्या गल्लीत पडत नाही?

या अंधाऱ्या चित्रात एक बाजू मात्र खरोखर उजळ आहे, आणि ती लसीची. न्यूमोकॉकसचे शंभरांहून अधिक प्रकार आहेत. परंतु औषधांना दुर्दम्य झालेले पुष्कळसे जंतू त्यांपैकी थोड्याच प्रकारांत मोडतात, आणि लस नेमकी अशा प्रकारांविरुद्ध आहे. ज्या मुलाला आजारच झाला नाही त्याला औषध लागत नाही. ही लस २०१७ साली देशाच्या काही भागांत सरकारी लसीकरणात आली, २०१८ मध्ये मध्य प्रदेशात आणि २०२१ मध्ये सर्व देशभर. ती बालकाला सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात देतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० च्या अखेरीस स्वदेशी बनावटीची लसही आणली. हीमोफिलसवरील लस पंचगुणी लसीत अंतर्भूत आहे. जगभराची मोजदाद पाहता १९९० ते २०२१ या काळात दुर्दम्य जंतूंमुळे होणारे पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, आणि सत्तरीपुढील वृद्धांचे ऐंशी टक्क्यांहून अधिक वाढले. मुलांच्या बाबतीतील या सुधारणेत लसींचा आणि स्वच्छ पाण्याचा मोठा वाटा आहे. आजी-आजोबांचे काय, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

मग औषध केव्हा खरोखर हवे, हे घरच्यांनी कसे ओळखावे? गडचिरोलीच्या दायांची रीत येथेही उपयोगी पडते. मूल शांत असताना, शक्य तर झोपलेले असताना, छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. मूल पीत-खात नसेल किंवा ग्लानीत असेल, तर मोजण्यातही वेळ दवडू नये.

गेल्या हिवाळ्यात नववीच्या विद्यार्थ्यांना आम्ही हाच गृहपाठ दिला होता: घरातील किंवा शेजारच्या झोपलेल्या लहान मुलाचे श्वास मोजून वहीत नोंदवावे. बहुतेकांच्या वह्यांत पंचवीस, अठ्ठावीस, तीस असे आकडे आले. एका विद्यार्थिनीने चौदा महिन्यांच्या मामेभावाचे श्वास मोजले, ते ५४ भरले. तिला वाटले आपले चुकले. तिने पुन्हा मोजले, ५२ भरले. मामी म्हणत होत्या की सर्दीच तर आहे, घरात बाटली आहे ती देऊ. मुलीने वही दाखविली, आणि त्याच सायंकाळी बाळाला रुग्णालयात नेले. फुप्फुसदाह होता, अॅमॉक्सिसिलिननेच उतार पडला. तिच्या वहीत त्याच पानावर, आठ दिवसांनंतरच्या तारखेची, आणखी एक नोंद आहे: झोपेत, २८.